फ्लाव्हियाचं पत्र

नाय मॅडम, 'काल्पनिक' हा शब्द मी लिहिणार नाय. तो कागद पिशवीत ठेवा न चहा घ्या — पातीचा चहा टाकलाय, गोड कमी झाला असेल तर सांगा, मला अंदाज येत नाय, रोज ती करते. ती म्हणजे आमची देवकी, घरवाली. टोकावड्याला गिरणीवर गेलीय भात भरडायला, येईलच आता. आणि ती यायच्या आत आपलं बोलणं उरकलेलं बरं — म्हणजे तुमच्याच जीपसाठी बोलतो हां, साडेबाराची गेली का मग बसा दोन वाजेपर्यंत.

काय लिहिलंय कागदात? वाचलं मी, चष्मा लावून दोनदा वाचलं. 'प्रकरण सातमधील रोमन स्त्रीचे पत्र लेखकाने कल्पनेने रचलेले आहे.' खाली देवराम पष्टे, आणि सहीला टिंबं टिंबं. सही केली का धडा लागला, नाय केली का धडा गेला. तुमच्या कालेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना माझ्या पुस्तकातलं प्रकरण लावताय, मला आनंद नाय झाला काय? झाला! नववी नापास माणसाचं रोमचं पुस्तक, न ते बीएची पोरं वाचणार! पण त्यासाठी मी खोट्यावर सही करू? बाकीची अकरा प्रकरणं तपासलीत ना तुमी, इतिहास शिकवता, पुस्तकं आहेत तुमच्याकडं — सापडली एक तरी चूक? सांगा, घाबरू नका. एक सापडली? कुठली? मैलाच्या दगडाची? हां, ती आहे. हजार पावलांचा एक रोमन मैल, न पाऊल म्हणजे डावा पाय उचलल्यापासून परत डावाच टेकेपर्यंत — तो 'डावा' छापताना राहिला. पुढच्या आवृत्तीत घालतो. बघा, चूक असेल तिथं मी लगेच कबूल. मी काय भांडखोर माणूस नाय.

तुमी लोक रोम बोललं का राजे काढता. कोणी कोणाला सुरा मारला, कोणी आईला मारलं, कोणाच्या कितव्या बायकोनं विष दिलं. मला काय करायचंय त्याचं? मी बावीस वर्षं बॉर्डर रोडला होतो मॅडम, वर अरुणाचलात, डोंगर फोडून रस्ता करायचा न पावसात तोच रस्ता परत दरीत गेलेला बघायचा. तिथं कँपात एका साहेबाची बदली झाली, जाताना पुस्तकांचा खोका टाकून गेला, त्यात हे रोमचं इंग्लिश पुस्तक — वरचं पान नाय, कडा उंदरानं खाल्लेल्या. मी आपलं चित्रं बघायला उघडलं. आणि चित्र कसलं? रस्ता उभा कापून दाखवलेला. खाली मोठे दगड, वर बारके, त्यावर खडी, मध्ये उंच न दोन्हीकडं उतार, बाजूला गटार. अरे, बोल्लो, हा तर आमचाच रस्ता! सोलिंग, खडी, उतार, गटार — दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी माणूस हेच करत बसलेला, त्याच्या हाताला हेच फोड. डिक्शनरी मागवली सिलिगुडीहून. एक पान वाचायला आठ दिवस लागायचे पहिल्यांदा. सैनिक म्हणजे तलवार असं वाटतं ना आपल्याला? लढाई कधीतरी. खणणं रोजचं.

आणि लग्न करायची परवानगी नाय! वीस-पंचवीस वर्षं नोकरी न कायद्यानं बायको नाय. पण बायका होत्या, पोरं होती, छावणीच्या बाहेर झोपड्या घालून राहायच्या, नायतर लांब कुठंतरी वाट बघत बसायच्या. इंग्लंडच्या उत्तरेला एका छावणीच्या चिखलात लाकडाच्या पातळ चकत्यांवरची पत्रं सापडली — ती तुमाला माहीत आहेत, नंबर लावलेली, खरी. कोणी लिहितंय मोजे पाठवलेत, कोणी लिहितंय वाढदिवसाला ये. मोजे! मी कँपात शेकोटीजवळ बसून हसलो. मग हसणं बंद झालं. आमाला पण घरून मोजेच यायचे.

म्हणून पुस्तक लिहिलं. रिटायर होऊन आलो, कल्याणला लायब्ररीत जायचो, एसटीनं जायचं, संध्याकाळी परत, सहा वर्षं. लोक हसले. देवराम रोमला निघाला बोलायचे. हसू दे ना! आमचं हे वैशाखरे कुठं आहे? नाणेघाटाच्या पायथ्याला. कल्याणच्या बंदरात माल उतरायचा, तो ह्याच वाटेनं घाट चढून जुन्नरला जायचा. त्या बाजूला त्या काळच्या दारूच्या सुरया सापडल्यात का नाय? सापडल्यात. मग रोम माझ्या दारावरून गेलेला असताना मी त्याच्यावर लिहायचं नाय तर कोणी? आज जीपवाला आदेश ते पुस्तक डॅशबोर्डावर ठेवतो. पलीकडची लहानी, अक्षरओळख नाय तिला, नातीकडून वाचून घेते. विचारते मला, देवरामदा, त्या लोकांना पण दगड फोडताना चिपा डोळ्यात जायच्या का रे. असा इतिहास तुमचा कोण वाचतो? राग मानू नका. खालच्या बारीक टिपा कोण वाचतो?

हां, हां, पत्र. पत्रावर येतो. मी टाळत नाय.

तुमी बोलता त्या सगळ्या चकत्यांना नंबर आहेत न फ्लाव्हियाच्या पत्राला नंबर नाय. बरोबर. तुमी सगळी यादी चाळलीत, बरोबर. 'मुलगी दिवसभर रस्त्यावर उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करते' — ह्याच्यावर तुमी पेन्सिलीनं गोल केलाय. का, रोममध्ये गाड्या नव्हत्या? बैलगाडीला पोर हात करत नाय काय? करतं. आणि पुढं — 'ताप उतरत नाही. गूळ दिला तर थुंकते. तू आलास तर खाईन म्हणते. मी तिला रोज उद्या सांगते, आता तीच मला उद्या सांगते.' हे कल्पनेनं रचलं असतं तर असं झालं असतं काय? मी बावीस वर्षं दगड फोडणारा माणूस, मला सुचेल हे? मी रचलं असतं तर त्यात देव घातला असता, चंद्र घातला असता. हे असं कोण लिहितं? जिच्या मांडीवर पोर आहे न एका हातानं पेज भरवतेय न दुसऱ्या हातानं —

पेज बोल्लो मी? बोल्लो. पुस्तकात लापशी आहे, माहीत आहे. ऐकलंत ते ऐकलंत. तोंडातून गेलं.

गूळ पण पुस्तकात मध आहे, हो. मघाशी वाचताना मी गूळ बोल्लो. तुमी गप्प बसून सगळं टिपत होतात तर. मास्तरीण ती मास्तरीण.

देवकीचं आहे पत्र. झालं समाधान? माझ्या बायकोचं. तिनं मला लिहिलेलं, त्र्याण्णव सालात, फेब्रुवारी संपता संपता. चौथी शिकलीय ती, वेलांट्या सगळ्या एकाच बाजूला. आमची मोठी मुलगी चार वर्षांची होती, तिला ताप आला, मेंदूत गेलेला पण तेव्हा कोणाला माहीत, मुरबाडला नेली, मग कल्याणला नेली, परत आणली. तेव्हा देवकीनं लिहिलं. पोर हायवेला उभी राहायची न एसटीला, ट्रकला, दुधाच्या टेम्पोला हात करायची, कारण बाबा रस्ते बनवतो तर रस्त्यावरूनच येणार ना. मी फक्त नावं बदलली. देवकीची फ्लाव्हिया केली, माझा लुशियस केला, गुळाचा मध. बाकी अक्षर न अक्षर तिचं. मग कशाला लिहू काल्पनिक?

काय बोलता — तसंच का नाय छापलं? बायकोच्या नावानं? मॅडम, आता तुमीच सांगा. फ्लाव्हिया रडली तर कल्याणच्या कालेजात तिचा धडा होतो. देवकी पष्टे रडली, वैशाखरे, तालुका मुरबाड — कोणी धडा लावला असता? तुमी आला असता का जीप बदलून? नाय आला असता. खरं बोला. दोन हजार वर्षांपूर्वीची बाई मेली का तिला मान, परवाची बाई भात भरडायला गेली का तिला गिरणीत नंबर लावायला लागतो. मी तिला रोममध्ये नेऊन बसवली. इतिहासात घातली तिला. त्यात माझं काय चुकलं?

विचारलं नाय तिला. नाय विचारलं. तिला आश्चर्य वाटेल, बरं वाटेल, असं डोक्यात. दोन वर्षांपूर्वी मुरबाडला प्रकाशन झालं, वाचनालयाच्या हॉलमध्ये, खुर्च्या कमी पडल्या एवढी माणसं. शाळेतल्या कमळबाईंनी सातवं प्रकरण मोठ्यानं वाचलं. बाया पदर लावून रडत होत्या. देवकी पहिल्या ओळीत बसलेली, नवी साडी, मांडीवर हाराची पिशवी. कमळबाई वाचत वाचत शेवटाला आल्या न ही उठली, पिशवी खुर्चीवर ठेवली न चालू पडली. मी व्यासपीठावर. मला वाटलं पोरीच्या आठवणीनं रडायला गेली. सत्कार झाला, शाल घेऊन घरी आलो तर ही नळावर भांडी घासते, नवी साडी बदलून. बोल्लो काय झालं गो? तर मान वर न करता बोलली, "पत्र पोचलं होतं."

काय अर्थ म्हणजे? काय अर्थ नाय. बायका बोलतात असं काहीतरी. न विचारता छापलं म्हणून राग. आणखी चहा? नको? बिस्कीट घ्या.

तुमी असं बघू नका माझ्याकडं.

पुस्तकात पत्रानंतर प्रकरणाचा शेवट आहे, तो तुमाला पाठ असेल. लुशियसला पत्र मिळत नाय. हरकाऱ्याच्या पोतडीतून पडतं, चिखलात जातं, दोन हजार वर्षं चिखलात, पोर तिकडं हात करत मरते न बापाला पत्ताच नाय — तिथंच सगळ्या बाया रडतात. घरी पण मी तेच सांगितलेलं. तेच म्हणजे, पत्र उशिरा मिळालं. तेरा मार्चला मी घरात पाय टाकला, पोर अकराला गेलेली, देवकी भिंतीला टेकून बसलेली, मी तिथंच उंबऱ्यात बोल्लो — आठ तारखेला पत्र मिळालं, त्याच दिवशी निघालो. टपाल उशिरा आलं. सगळ्यांनी टपालाला शिव्या घातल्या. माझ्या बापानं घातल्या. गावात अजून सांगतात, देवरामचं पत्र वेळेवर आलं असतं तर.

चारला मिळालेलं.

हां. चार मार्च. सकाळी मिळालं न दुपारी साहेबानं रजा मंजूर केली, बोलला देवराम, संध्याकाळचा ट्रक खाली जातोय, बैठ जा. चांगला माणूस होता, त्याचा दोष नाय, टपालाचा तर नाहीच. ट्रंक भरलेली माझी. पण आठला आमच्या रस्त्याचं उद्घाटन होतं. अकरा किलोमीटर, मॅडम. तीन वर्षं. दोन माणसं दरीत गेली आमच्या गँगची. पहिली गाडी त्यावरून जाणार न माझ्या गँगनं कडेला उभं राहून झेंडी दाखवायची, नारळ मी फोडायचा, मोठे साहेब येणार, फोटो निघणार. मी बोल्लो ताप आहे, पोरांना ताप येतो. चार दिवसांनी काय होतंय. ट्रक गेला. मी पाठमोरा ट्रक बघितला. आठला नारळ फोडला, फोटो काढला, न निघालो. पाच दिवसांचा प्रवास तिथून. चारला निघालो असतो तर नऊला पोचलो असतो. दोन दिवस मिळाले असते. वाचली असती असं नाय बोलत मी, डॉक्टर पण बोलले नसती वाचली. पण दोन दिवस ती हायवेला उभी नसती राहिली. नाय, शेवटी उभी कुठली राहते, देवकी कडेवर घेऊन जायची तिला. ती कडेवरून हात करायची.

बोला आता. दुष्ट माणूस बोला. मी ऐकून घेईन, पण सगळं ऐकून मग बोला.

देवकीला कसं कळलं? शिक्क्यावरून! रिटायर होऊन आलो तेव्हा ट्रंक तिनं धुतली न उन्हात टाकली. पाकीट निघालं. पाकिटाच्या मागं कँपातल्या टपालाचा शिक्का, ठसठशीत, चार तीन त्र्याण्णव. मी सगळ्यांना शिकवतो ना, प्रकरण दोनमध्ये लिहिलंय, नाण्यावरच्या नावावरून साल कसं काढायचं, खापरावरच्या शिक्क्यावरून माल कुठला ते कसं ओळखायचं — न माझ्या ट्रंकेतलं पाकीट प्रकाशनाच्या रात्रीपर्यंत मी कधी उलटं करून बघितलं नाय. तिनं बघितलं. चौथी शिकलेल्या बाईनं. आणि बोलली नाय. रिटायर झाल्यापासून प्रकाशनापर्यंत पंधरा-सोळा वर्षं मला जेवायला वाढलं, माझ्या गुडघ्याला तेल चोळलं, कल्याणच्या लायब्ररीला जाताना डबा दिला, न बोलली नाय. वाट बघत असेल मी कधी बोलतो. आणि मी काय केलं, तर शंभर माणसांसमोर, माईकवर, तिच्याच पत्राला परत चिखलात टाकलं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामाचं बोलते. मीठ संपलं. गॅसवाला आला. शेखरचा, मुलाचा आमच्या, वाशिंदहून फोन होता. एवढंच. आणि मी पण विषय काढत नाय, मी पण बोल्लो बघू कोण आधी थकतं. अशी आमची दोन वर्षं.

आणि आता तुमी येता न सांगता लिहा, काल्पनिक. म्हणजे तिनं लिहिलंच नाय! पोर उभीच राहिली नाय! मी इथं मेलो तरी ती सही मिळणार नाय तुमाला. तो शब्द तुमाला कुठंतरी लावायचाच असेल ना मॅडम, तर पत्राला नका लावू. पत्र हरवलं त्याला लावा. चिखलाला लावा. तिथं मी खोटं बोल्लो, रोमच्या नावानं पण न माझ्या नावानं पण.

आणा तो कागद. आणा, पिशवीतून काढा परत. तुमचं छापलेलं मी खोडतो. पेन चालत नाय हे — हां, चाललं. थांबा. मला लिहायला वेळ लागतो, पुस्तक लिहिलं म्हणून भराभर लिहिता येतं असं नाय... धडा ठेवायचा असेल तर ह्या ओळींसकट ठेवा. नाय जमलं तर काढून टाका धडा, मला काय वाटणार नाय. तुमच्या साहेबांना सांगा, म्हातारा हट्टी आहे. लुशियसला पत्र मिळालं, असं पुढच्या आवृत्तीत छापणार मी. मिळालं न तो गेला नाय. वाचू दे लोकांना. नाय रडल्या बाया तर नाय रडल्या.

झालं. वाचतो —

आली वाटतं. जीप थांबली. तुमी बसा, उठू नका.

ये गो. पोतं तिथंच ठेव दारात, मी आत घेतो. ह्या मॅडम आहेत, कल्याणच्या कालेजातल्या. त्या पत्राचं विचारायला आल्यात. हां, तेच. नाय, आत जाऊ नको. हातपाय मागनं धू. बस इथं. बस बोलतोय ना. तुझं पत्र मी तुला न विचारता छापलं, आता विचारतो. हे लिहिलंय, ऐक, न नको असेल तर फाडून टाक, मॅडमसमोर फाड.

'हे पत्र देवकी देवराम पष्टे, राहणार वैशाखरे, हिने १९९३ साली आपल्या नवऱ्याला लिहिले. ते त्याला ४ मार्चला मिळाले. रजाही त्याच दिवशी मिळाली. तो ८ तारखेला निघाला. पत्र उशिरा मिळाले असे त्याने बायकोला सांगितले ते खोटे होते. मुलगी ११ तारखेला वारली. देवराम पष्टे.'

ऐकलंस?

देवके, काहीतरी बोल गो. मॅडम परक्या आहेत, त्यांच्यासमोर बोललीस तरी चालेल, शिव्या दे...

काय? मोठ्यानं बोल.

मॅडम, ती विचारते मुलगी म्हणजे कोण. नाव कुठं आहे.

मी... नाय, नाय लिहिलं. पुस्तकात पण नाय. द्या पेन. 'मुलगी' खोडतो. नम्रता. न, म ला र जोडून म्र, ता. वय चार. बघ गो, नीट आलं का. पुसट झालं? परत काढतो. ह्या वरती काढतो.

नम्रता.

बरोबर आहे बोलते. घ्या कागद मॅडम. घडी नका करू, शाई ओली आहे. आणि आता तुमी जावा. जाताना दार ओढून घ्या. आमाला बोलायचंय.